दुसरा फोटो नाही

फोटोग्राफीत मी आले ती सरळ भांडायला.

माझ्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली तेव्हा आईने मला डोंबिवली पूर्वेच्या एका स्टुडिओत नेलं. मागे पडद्यावर बर्फाचे डोंगर, बाजूला प्लास्टरचा खांब आणि त्या खांबावर अलगद ठेवलेला माझा हात. मान डावीकडे, हनुवटी खाली, श्वास रोखून. प्रिंट हातात आली तेव्हा आई खूश झाली. मी मात्र बराच वेळ बघत बसले, कारण फोटोतली मुलगी माझ्या ओळखीची नव्हती. स्टुडिओवाल्या काकांनी निगेटिव्हवर पेन्सिल चालवून माझं नाक सरळ केलं होतं, गाल भरले होते, आणि रंग इतका उजळला होता की माझ्या सख्ख्या मावशीने विचारलं, ही कोण गं?

पहिलंच स्थळ बघायला आलं. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर गेले, सगळ्यांच्या हातात बशा दिल्या. मुलाच्या आईने पोहे संपवले, माझ्या खांद्यावरून आतल्या खोलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता मुलीला बोलवा ना."

दुसऱ्या दिवशी तो फोटो घेऊन मी स्टुडिओत गेले. आवाज चढवायची सवय मला पहिल्यापासूनच आहे. चाळीत सगळ्यांचे रेडिओ एकदम चालू असत, तिथे हळू बोलून काही मिळत नसे. काका काउंटरवर पासपोर्टचे फोटो कापत होते, ते कापतच राहिले. माझं सगळं बोलून झाल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं की लोकांना जसं दिसायचं असतं तसे फोटो ते काढतात. जशी आहेस तशी दिसायचं असेल, तर तूच एखादा काढून दाखव. कॅमेरा समोरच स्टँडवर होता. मी ओढणी कमरेला बांधली आणि काकांचाच फोटो काढला, कात्रीने फोटो कापतानाचा. अर्धा काळोखात गेला होता, पण त्यांची बायको, आमच्या काकू, बघून म्हणाल्या की अगदी हेच, असेच बसतात. पुढच्या आठवड्यापासून मी तिथे कामाला जाऊ लागले. घरी सांगितलं होतं, लग्न ठरेपर्यंतच.

लग्न ठरलं तेही तिथेच. एक गृहस्थ पासपोर्टच्या फोटोसाठी आले आणि प्रत्येक क्लिकला डोळे मिटू लागले. रीळ वाया चाललेलं, मी त्यांना चांगलंच झापलं. ते निमूटपणे फोटो घेऊन गेले आणि काही दिवसांनी पुन्हा आले, या वेळी म्हणे व्हिसासाठी. कुठल्या देशाचा व्हिसा ते काही त्यांना सांगता येईना. ते गृहस्थ आज आमच्या घरी रोज सकाळी चहा करतात आणि अजून फ्लॅशला डोळे मिटतात. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरदेव पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत झोपलेला आहे.

पुढे काकांनी स्टुडिओ बंद केला आणि मी माझा थाटला, एका पोळीभाजी केंद्राच्या वरच्या मजल्यावर. खाली सकाळपासून पोळ्या लाटल्या जात, फोडण्या बसत, आणि वर माझ्याकडे मुली रेशमी साड्या नेसून उभ्या. इतकी भूक लागलेल्या मॉडेल्स दुसऱ्या कुठल्या फॅशन फोटोग्राफरला मिळाल्या नसतील. भाजी अळूची असली की शूट हमखास लांबायचं.

फॅशन माझ्याकडे आली ती कल्याणच्या एका साडीच्या दुकानातून. दुकानाच्या मालकांना कॅटलॉग हवा होता, आणि मुंबईचे फोटोग्राफर त्यांना परवडत असले तरी पटत नव्हते. साडी नेसून बाई उभी राहिली की काठ दिसायला हवा, पदर दिसायला हवा, आणि बाई जेवलेली दिसायला हवी, एवढंच त्यांचं मागणं. आम्ही पहिलं आउटडोअर शूट खडवलीला नदीवर केलं. खडकावर मॉडेल, मागे पाणी, कोवळं ऊन, सगळं मनासारखं जुळलेलं, आणि नेमकी एक म्हैस येऊन मॉडेलच्या मागे उभी राहिली. हाकललं तरी हलेना. मी वैतागून फोटो काढत राहिले. नंतर निवड करताना मालकांनी तोच फोटो उचलला. म्हणाले, म्हशीमुळे साडीचा मोरपंखी उठून दिसतोय. कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर म्हैस आली आणि साड्याही भरपूर खपल्या. त्यानंतर दोन वर्षं तरी मला ओळख करून देताना लोक म्हणत, त्या म्हशीवाल्या मॅडम.

त्या म्हशीने मला एक गोष्ट शिकवली. मॉडेल घाबरून तिच्याकडे बघत होती, आणि त्या एका फोटोत तिचा चेहरा खरा आला होता. मग मी समोरच्या माणसाला काहीतरी काम द्यायला लागले. शिक्षिकेला हवेत खडू धरून लिहायला सांगायचं. न्हाव्याला कात्री चालवायला सांगायची. एका डॉक्टरांना मी माझीच नाडी बघायला लावली. हात त्यांच्या रोजच्या कामाला लागले की चेहऱ्यावरचं ते स्टुडिओतलं हसू गळून पडतं आणि माणूस दिसायला लागतो. माझी पोर्ट्रेट लोकांना आवडली ती एवढ्याच कारणाने.

फक्त स्थळाच्या फोटोंना मी हे कधी लावलं नाही. तिथे सगळं ठरलेलं असतं. एक साडीतला पूर्ण, एक साडीतला अर्धा, एक ड्रेसमधला. शेजारी कुंडीतलं झाड, म्हणजे उंची कळते. मी पेन्सिल चालवत नाही, कुणाला गोरं करत नाही, एवढं पथ्य पाळते. पण बाकी सगळं मुलीच्या आईच्या म्हणण्याप्रमाणे. तिथे भांडायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं. आणि मग बाळकुमच्या आत्याबाई आल्या.

त्यांचं घर आगरी. पूर्वी भातशेती आणि मिठागर, आता त्या जमिनीवर उंच टॉवर आणि टॉवरांच्या मधोमध यांचा रंगीत बंगला. त्यांच्या घरातली एक हळद मी शूट केली होती. डीजे, सगळ्या बायकांना एकसारख्या पिवळ्या साड्या, आणि त्या गर्दीत आत्याबाई एकट्या बाजेवर बसून नुसत्या भुवईच्या इशाऱ्याने पाचशे माणसांचं जेवण हलवत होत्या. नवरा गेल्यावर त्या माहेरी आल्या होत्या. भाऊ बांधकामाच्या धंद्यातला मोठा माणूस, पण घरात शेवटचा शब्द थोरल्या बहिणीचा. पुढच्या मोसमात त्यांच्या भावकीतली सगळी लग्नं माझ्याकडे यायची होती, म्हणून त्या जिना चढून आल्या तशी मी स्वतः खुर्ची पुसून दिली.

बरोबर भाची होती. आंबिवलीकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, घर खातंपितं, फक्त घाई फार. पसंती कळवली की महिन्याभरात लग्न. रविवारपर्यंत फोटो पाठवायचा होता. पोरगी उंच, खांदे भरलेले, चालताना पाऊल अगदी हलकं टाकणारी. डाव्या भुवईत टाके पडल्याची खूण होती. आत्याबाईंनी पहिल्यांदा तिथेच बोट ठेवलं आणि सांगितलं, तेवढी भुवई नीट कर बाय.

मी साडी नीट करत होते तेवढ्यात खालून पुरणपोळ्यांचा वास आला आणि आत्याबाई घरी न्यायला पोळ्या घ्यायला खाली उतरल्या. दार लोटलं गेलं तशी भाचीने माझं मनगट धरलं. पकड अशी की मला हात हलवता येईना.

"ताई, माझा फोटो एकदम बेकार काढ ना. बघून समोरच्याने नाहीच म्हटलं पाहिजे."

मग तिने भराभरा सांगितलं. ती कबड्डी खेळते. चढाईला जाते. राज्याच्या संघासाठी निवड शिबिर होतं, पुढच्याच महिन्यात, आणि तिचं नाव त्यात आलेलं. त्या घरातून होकार आला तर शिबिराच्या दिवसांत ती बोहल्यावर असणार, आणि सुनेने मैदानात जाणं त्या घरात बसत नव्हतं, ते त्यांनी आधीच कळवलं होतं. वडिलांना विचारलं तर ते म्हणतात आत्याला विचार. आत्याला विचारायची हिंमत घरात कुणाचीच नाही.

खरं सांगायचं तर मला आधी हसू आलं. इतक्या वर्षांत लोकांनी माझ्याकडे नाक मागितलं होतं, केस मागितले होते, एकाने तर खांदे मागितले होते. कुरूपपणा मागणारी ही पहिलीच. पण तिने माझं मनगट अजून सोडलं नव्हतं, तेव्हा माझं हसू गेलं. मी म्हटलं, चल, काढू.

दिवा खाली जमिनीवर ठेवला, म्हणजे नाकपुड्या मोठ्या आणि डोळे खोल. लेन्स अशी लावली की कपाळ बाहेर यावं. हनुवटी आत ओढायला सांगितली. माझ्या स्वतःच्या त्या जुन्या फोटोतलं सगळं ज्ञान मी उलटं करून पणाला लावलं. पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर स्वतःला बघून पोरगी हसायला लागली, आणि ती हसली की कुठल्याही उजेडात सुंदर दिसायची. तिने तोंड वाकडं केलं तरी डोळे हसत राहायचे. मला फोटो बिघडवताच येईना. दोघी हसून हसून खाली बसलो आणि तेवढ्यात जिन्यावर आत्याबाईंची पावलं वाजली.

मग नेहमीचे फोटो काढले. कुंडीतलं झाड, खुर्चीच्या पाठीवर हात, पदर समोर. सगळे बरे आले. वाईट म्हणावं असं त्यात काही नव्हतं, आणि तीही कुठेच नव्हती. आत्याबाई मॉनिटरसमोर मान डोलवत होत्या. भाची माझ्याकडे अशी बघत होती की मीच तिला धरून दिलंय. मला राग आला. कुंडीचा राग आला, पदराचा आला, त्या आंबिवलीच्या घाईचा आला. मी आत्याबाईंना तोंडावर सांगून टाकलं की या मुलीला शिबिराला जाऊ द्या, लग्न काय पळून जातंय का.

आत्याबाईंनी मान वळवली नाही. "बाय, तू फोटू काड. पोर आमी बगतो."

झालं. पुढची सगळी लग्नं मला जिना उतरून जाताना दिसली. आता गेलीच आहेत तर, म्हणून मी म्हटलं, ठीक आहे, मग एक फोटो माझ्यासाठी काढते. माझ्या पद्धतीने. आणि भाचीला सांगितलं, तू रोज जे करतेस ते कर. चढाई करून दाखव.

ती आत्याकडे बघत उभी राहिली. मी मधली खुर्ची सरकवली, कुंडी उचलून बाहेर ठेवली. आत्याबाई म्हणाल्या की या साडीत कशी वाकणार, तोंडावर पडेल. आणि स्वतःच उठल्या. पोरीच्या निऱ्या मुठीत धरल्या, पायांमधून मागे घेतल्या आणि एका झटक्यात घट्ट कासोटा मारला. पदर कमरेला आवळून दिला.

पोरगी वाकली. गुडघे दुमडले, एक हात पुढे, एक मागे, आणि ओठांतल्या ओठांत दम सुरू झाला, कबड्डी कबड्डी कबड्डी. माझा स्टुडिओ तसा लहान, पण ती डावीकडून उजवीकडे सरकली तेव्हा भिंती मागे हटल्यासारख्या वाटल्या. तिची नजर माझ्यावर होती आणि क्षणभर मला खरंच वाटलं की ही आता मला शिवून जाणार. मी मागे सरकले आणि सरकता सरकता बटण दाबलं.

फोटो मॉनिटरवर आला. पैठणी, कानात झुबे, भुवईतली खूण, पुढे आलेला हात थोडा हललेला, आणि डोळे सरळ समोर. कॅमेऱ्यामागे उभं राहून मी इतकी खूश फार क्वचित झाले आहे. आत्याबाई बराच वेळ पडद्यापाशी उभ्या राहिल्या. मग पोळ्यांची पिशवी उचलली, सगळे फोटो मोबाइलवर पाठव म्हणाल्या, आणि दोघी गेल्या. मी चांगले, बरे आणि तो शेवटचा, सगळे पाठवून दिले. भुवई मी मुद्दामच नीट केली नाही.

रविवार माझा वाईट गेला. नवऱ्याने तीन वेळा चहा केला, मी तिन्ही वेळा गार केला. त्या पोरीचं काय झालं असेल याच्यापलीकडे डोकं जाईना. सोमवारी आत्याबाईंचा फोन आला. काहीही न विचारता त्यांनी सांगितलं की तो कासोट्यातला फोटो मोठा करून हवाय, दिवाणखान्यात लावायला, दाराएवढा.

मी विचारलं, आणि स्थळाचं?

त्यांनी सांगितलं ते असं. रविवारी त्यांनी आंबिवलीला फोटो पाठवला. एकच. तो शेवटचा. तिकडून उत्तर आलं की मुलगी छान आहे, पण जरा शांत दिसेल असा दुसरा फोटो असेल तर पाठवा. त्यांच्या मोबाइलमध्ये मी पाठवलेले शांत फोटो ढीगभर होते. त्यांनी कळवलं, दुसरा फोटू नाय. मग तिकडून काही आलं नाही.

मी म्हटलं, आत्याबाई, मग मला का गप्प केलंत त्या दिवशी?

"तू सांगून मी आयकला असता, तर पोरीला वाटला असता फोटूवालीनं सोरवला, घरच्यांनी नाय," त्या म्हणाल्या. आणि पुढे, "बाय, माजा लग्नाचा फोटू कोनी काडलाच नाय. मी मिठागरान डोक्यावर पाटी घेऊन चालली व्हती, घामान भिजलेली. माजे सासऱ्यानं मना तशी बगली नि हो म्हनला. उभ्या जन्मात त्या घरान मना कोनी बोललं नाय, अशी का चालतस म्हनून. आमचे पोरीला पन कामावर असताना बगा. नंतर नाय बोलायचा, आमाला म्हाईत नवता."

फोन ठेवल्यावर मी जिन्यात जाऊन बसले. खाली पोळ्या लाटल्या जात होत्या. मला माझा नवरा आठवला, फ्लॅशला डोळे मिटणारा, ज्याने मला पहिल्यांदा बघितलं ते ओढणी कमरेला बांधून त्याच्यावर ओरडताना. तो डोळे मिटत असेल, पण माणूस बघूनच आला होता. आणि मी मात्र इतकी वर्षं कुंडीशेजारी मुली उभ्या करत होते. मला रडू आलं, आणि बरं वाटलं.

पोरगी शिबिराला गेली. संघात राखीव खेळाडू म्हणून निवड झाली, त्यावर ती चिडली होती आणि आत्याबाई तिच्याहून जास्त. भावकीतली लग्नं माझ्याकडेच आली. हळदीत आत्याबाई बाजेवर बसूनच असतात. मी त्यांचा फोटो काढायला गेले की हाताने उडवून लावतात आणि म्हणतात, पाटी आणते मग काड. स्थळाच्या फोटोंना मी आता एक चौथा फोटो जोडते, मुलगी रोज जे करते त्याचा. बऱ्याच आया तो पाठवत नाहीत. काही पाठवतात.

बाळकुमच्या दिवाणखान्यात तो फोटो दाराएवढा लागलाय, सोफ्याच्या बरोबर समोर. मुलगी बघायला येणारे तिथेच बसतात, म्हणजे मुलगी चहा घेऊन यायच्या आधी ती त्यांच्यावर चढाई करून मोकळी झालेली असते. काही जण चहा येईपर्यंत घड्याळ बघायला लागतात. त्यांना आत्याबाई अडवत नाहीत.

परवा आत्याबाईंचा फोन आला, आवाजात हसू. ठाण्याचा एक मुलगा आला होता. बराच वेळ फोटोकडे बघत बसला, घरचे बोलत होते तिकडे त्याचं लक्षच नाही. शेवटी त्याने विचारलं, या चढाईत किती गडी बाद केले? मी विचारलं, मग तुम्ही काय सांगितलंत?

"सांगितला, फोटूवालीला शिवून आली," त्या म्हणाल्या. "त्याला चा दोनदा दिला."

पोरीला मी विचारलं तर म्हणाली, बघू, आधी संघात पक्की होऊ दे. तो मुलगा थांबायला तयार आहे म्हणे. पुढच्या सामन्याला येणार आहे, आणि मला कॅमेरा घेऊन बोलावलंय.